उरलेलं अन्न रात्रीच वाचवायचं असतं

रात्रीची जेवणं झाली की ओट्यावर ठरावीक भांडी दिसतात. कुकरच्या डब्यात दीड-दोन वाट्या भात, पोळ्यांच्या डब्यात तीन पोळ्या, पातेल्याच्या तळाशी आमटी आणि कुणीच न संपवलेली दोन चमचे भाजी. या चार भांड्यांचं काय होणार हे सकाळी ठरत नाही. ते रात्रीच, ओटा आवरताना, तासाभरात ठरून जातं. गरम अन्नावर झाकण ठेवून झोपी गेलं की सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी ते परत चांगलं होत नाही. तेच अन्न वीस मिनिटांत गार करून योग्य भांड्यात ठेवलं तर सकाळचा नाश्ता निम्मा झालेला असतो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो दिला आहे. त्यात सालं, देठ, हाडं हेही धरलेलं आहे. तरी हिशेब केला तर दिवसाला माणशी साधारण १५० ग्रॅम होतात. चार माणसांच्या घरात रोज ६०० ग्रॅम. हे ओझं एकदम दिसत नाही, कारण ते वाटी-वाटीने जातं.

आधी गार करा, मग झाका

अन्न शिजवताना बहुतेक जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. भातात हमखास आढळणारा बॅसिलस सीरियस हा त्यातलाच. भात कोमट राहिला की हे बीजाणू जागे होतात, जंतू वाढतात आणि त्यांच्यातले काही असं विष तयार करतात, जे पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून ‘सकाळी चांगलं गरम करून घेऊ’ हा भरवसा भाताच्या बाबतीत खोटा ठरतो. ५ ते ६० अंश सेल्सियस हा धोक्याचा पट्टा. अन्न या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर ३२ अंशांच्या वर गेलेलं असतं, तेव्हा एकच तास धरावा.

कुकरच्या डब्यात दाबून बसलेला भात मध्यभागी बराच वेळ कोमट राहतो. वरून हात लावला तर गार लागतो, आत मात्र ऊब धरून असतो. तो तसाच फ्रिजमध्ये ठेवला तरी आतला गोळा लवकर गार होत नाही. भात परातीत किंवा मोठ्या ताटात काढा, दोन बोटांपेक्षा जाड थर ठेवू नका, वर पातळ पंचा टाकून पंख्याखाली १५ ते २० मिनिटं राहू द्या. मग उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये.

आमटी, वरण, कढी यांचं पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवा आणि डावाने ढवळत राहा. दहा मिनिटांनी परातीतलं पाणी कोमट होईल, ते बदला. दुसऱ्या पाण्यात आमटी बहुतेक वेळा निवते. जवळ बर्फ असेल तर परातीत टाका, आमटीत नको.

गरम अन्नावर घट्ट झाकण ठेवलं की वाफेचं पाणी होऊन ते परत अन्नावर गळतं. पोळ्या चिकट होतात, भाताचा वरचा थर ओला पडतो आणि नेमका तिथेच आधी वास येतो. निवेपर्यंत जाळी किंवा फडकं, नंतर झाकण.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. आंबट आमटी, सार, ताक, चिंचेची चटणी बिनकल्हईच्या पितळेत किंवा तांब्यात रात्रभर ठेवली तर कळकते. कळकलेलं अन्न टाकूनच द्यावं लागतं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यातही आंबट पदार्थ रात्रभर नको.

उरलेलं आणि उष्टं यांत फरक करायला हवा. ताटात वाढून झालेली आमटी परत पातेल्यात ओतली, किंवा तोंडातला चमचा भाजीत बुडवला, की सगळं भांडं लवकर उतरतं. दोन डाव आमटी वाचवण्याच्या नादात पातेलंभर जातं. म्हणूनच आधी कमी वाढणं आणि हवं तर पुन्हा वाढणं हे शिष्टाचाराइतकंच साठवणीच्याही कामाचं.

गरम करताना लागेल तेवढंच काढून गरम करा, आणि एकदाच. आमटीला खळखळून उकळी हवी, भात-भाजी मध्यापर्यंत वाफाळली पाहिजे. सकाळी सगळं पातेलं गरम केलं, उरलं म्हणून परत ठेवलं, संध्याकाळी पुन्हा गरम केलं, असं केल्याने अन्न दोनदा धोक्याच्या पट्ट्यातून जातं.

घरात फ्रिज नसेल, किंवा वीज तासन्‌तास जात असेल, तर रात्री फक्त पोळी, भाकरी आणि कोरड्या चटण्या मागे राहतील असा स्वयंपाक करावा. भात आणि वरण बेतानेच लावावं. १ वाटी तांदळाचा साधारण ३ वाट्या भात होतो. पोळ्या आणि भाजी असलेल्या जेवणात माणशी पाव ते अर्धी वाटी तांदूळ पुरतो. बहुतेक घरांत भात उरतो तो ‘असू दे थोडा जास्त’ म्हणून टाकलेल्या शेवटच्या मुठीमुळे.

भात

फ्रिजमधला भात दुसऱ्या दिवशी संपवावा. हाताला बुळबुळीत लागला, तार सुटली किंवा आंबूस वास आला तर विचार न करता टाकावा. पण भात बाहेर रात्रभर राहिला असेल तर वास नसला तरीही टाकावाच, कारण वर सांगितलेल्या विषाला ना वास असतो ना चव.

कोणता भात कशाला, हे तांदळावरून ठरवा. कोलमचा मोकळा भात फोडणीला उत्तम. इंद्रायणी किंवा आंबेमोहोराचा चिकट भात फोडणीला घातला तर त्याचा लगदा होतो. तो थालीपिठात, वड्यात किंवा दहीभातात घालावा.

फोडणीच्या भाताला ३ वाट्या गार भात घ्या. फ्रिजच्या गारव्यात भातातला स्टार्च आवळतो, म्हणून शीत कडक लागतं आणि गुठळ्या होतात. या गुठळ्या चमच्याने मोडू नका, शितं तुटतात. तळहाताला चमचाभर तेल लावून बोटांनी हलकेच मोकळा करा. कढईत २ टेबलस्पून तेल तापवून अर्धा चमचा मोहरी घाला, ती पूर्ण तडतडली की मूठभर शेंगदाणे. शेंगदाणे लालसर झाले की चिमूटभर हिंग, ८ कढीपत्त्याची पानं, २ मिरच्यांचे तुकडे आणि १ मोठा कांदा. कांदा पारदर्शक झाल्यावर अर्धा चमचा हळद. हळद आधी तापलेल्या तेलात पडली तर करपते आणि सगळा भात कडवट होतो. कांद्याचं पाणी असताना घातली की रंग छान पसरतो. आता भात, मीठ, चवीला साखर. वरून २ चमचे पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा आणि मंद आचेवर ४ मिनिटं वाफ येऊ द्या. ही वाफच महत्त्वाची, आवळलेलं शीत तिच्यानेच परत मऊ होतं. नुसतं परतत राहिलं तर भात गरम होतो पण टणकच राहतो. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा.

चिकट किंवा जास्त शिजलेला भात असेल तर थालीपीठ. १ वाटी भात २ चमचे पाणी घालून आधी गरम करा आणि गरम असतानाच वाटीच्या बुडाने रगडून घ्या. अख्खी शितं राहिली तर थालीपीठ थापताना नेमकं तिथेच चिरतं. त्यात १ वाटी भाजणी, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ, ओवा घाला आणि आधी पाणी न घालता मळा, कारण भात आणि कांदा दोन्ही पाणी सोडतात. पाच मिनिटांनी गरज वाटली तरच चमचा-चमचा पाणी. भाजणी नसेल तर पाऊण वाटी ज्वारीचं पीठ आणि पाव वाटी बेसन. ओल्या फडक्यावर थापून, मध्ये भोकं पाडून, तव्यावर झाकण ठेवून एक बाजू मंद आचेवर ४ मिनिटं, उलटून बिनझाकणाची ३ मिनिटं.

मार्च ते मे या कडक उन्हाच्या दिवसांत भाताचे सांडगे घालता येतात. रात्री गार करून फ्रिजमध्ये ठेवलेला २ वाट्या भात, पाव वाटी आंबट ताक, १ चमचा जिरं, वाटलेली मिरची आणि मीठ एकत्र रगडा. मीठ जेवणातल्यापेक्षा थोडं कमीच घाला, वाळल्यावर चव एकवटते. सकाळी नऊच्या आत प्लास्टिकच्या कागदावर सुपारीएवढे सांडगे घाला. मोठे घातले तर बाहेरून वाळतात, आतून ओले राहतात आणि डब्यात बुरशी धरते. संध्याकाळी उलटून घरात घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. मोडल्यावर ‘कट्‌’ असा आवाज आला तरच डब्यात भरा. ढगाळ हवेत हा उद्योग करू नये.

पोळी आणि भाकरी

शिळी पोळी फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या थंडीत ती बाहेरच्यापेक्षा लवकर चामट होते. रात्रभरासाठी सुती फडक्यात गुंडाळून डब्यात, तेवढं पुरे. दोन-तीन दिवसांनी लागणार असेल तर फ्रीझरमध्ये ठेवा, मधे कागद घालून.

फोडणीची पोळी बिघडते ती दोनच ठिकाणी: चुरा करताना आणि पाणी घालताना. ५ पोळ्यांचा चुरा हाताने करा, तुकडा शेंगदाण्याएवढा असू द्या. मिक्सरमध्ये करायचा तर दोनदा नुसता फिरवून थांबा. पीठ झालं की फोडणीत त्याचा गोळा होतो. दीड टेबलस्पून तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची, १ मोठा कांदा, हळद. कांदा भरपूर लागतो, कारण ओलावा तोच देतो. चुरा घालून वरखाली करा. पोळीत आधीच मीठ असतं, तेव्हा मीठ अर्ध्या चमच्यापेक्षा जास्त नको. आता पाण्याऐवजी २ टेबलस्पून ताकाचा हबका, झाकण, मंद आचेवर २ मिनिटं वाफ. हबक्याशिवाय केलेली पोळी घशात अडकते, आणि वाटीभर पाणी ओतलं तर खिमट होतं. शेवटी साखर चिमूटभर, कोथिंबीर, लिंबू.

गोड हवं असेल तर लाडू. ४ पोळ्यांचा बारीक चुरा म्हणजे साधारण २ वाट्या. कढईत ३ टेबलस्पून तूप आणि पाऊण वाटी चिरलेला गूळ मंद आचेवर ठेवा. गूळ विरघळला की लगेच गॅस बंद. बुडबुडे येऊ दिले तर पाक होतो आणि लाडू दगड होतात. चुरा, वेलदोडा, भाजलेले तीळ घालून कोमट असताना वळा. पोळीत ओलावा असल्याने हे लाडू टिकाऊ नाहीत. त्याच दिवशी खावेत, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. डब्यात घालून चार दिवस ठेवले तर बुरशी दिसते.

दोन-तीनच पोळ्या उरल्या असतील तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मंद तव्यावर फडक्याने दाबत कुरकुरीत करणं. एका पोळीला ५ मिनिटं लागतात. आच मोठी केली तर डाग पडतात आणि मधला भाग मऊच राहतो. पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात आठवडाभर राहतात. तूप-मेतकूट लावून चहाबरोबर द्या, मुलं बिस्किटं विसरतात.

ज्वारीच्या भाकरीत गव्हासारखा चिवट धागा नसतो, म्हणून ती दुसऱ्या दिवशी कडक होऊन तुटते. तिला भिजवायचंच असतं. २ भाकऱ्या कुस्करून वाटीभर ताकात दहा मिनिटं ठेवा, वर कच्चा कांदा, मीठ, मिरचीचा ठेचा. नाहीतर कुटके करा: १० लसूण पाकळ्या ठेचून तेलात लाल करा, जिरं, तिखट, हळद, मग ताकात भिजवलेले तुकडे आणि झाकून वाफ. लसूण कमी घातला तर कुटके फिके लागतात. सोलापूरकडे ज्वारीची पातळ भाकरी मुद्दाम कडक करून महिनोन्‌महिने ठेवतात. त्यामागचं कारण एकच, पाणी गेलं की नासण्याला जागा उरत नाही. उरलेली भाकरी तव्यावर तशी पूर्ण वाळवता येते, पण जाड भाकरीचा मध्य वाळत नाही. आधी पदर सोडवून दोन पातळ चकत्या करा.

वरण, आमटी, उसळ

नारळाची आमटी सगळ्यात आधी उतरते, मग टोमॅटो-चिंच नसलेलं साधं वरण, आणि चिंच-गुळाची आमटी त्यातल्या त्यात टिकते. म्हणून दोन पातळ पदार्थ उरले असतील तर नारळाचा आधी संपवा.

उरलेल्या वरणाचं उत्तम रूप म्हणजे चकोल्या, म्हणजेच वरणफळं. २ वाट्या वरणाला लसूण-जिऱ्याची फोडणी द्या, ३ ते ४ वाट्या पाणी घाला, तिखट, गूळ, कोकम घालून उकळा. १ वाटी कणीक, १ चमचा तेल, ओवा, हळद, मीठ घालून पुरीसारखी घट्ट मळा आणि १५ मिनिटं झाकून ठेवा. पोळी पातळ लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा. आमटी खळाखळा उकळत असतानाच एक-एक तुकडा सोडा. उकळी बसलेल्या आमटीत मूठभर एकदम टाकले तर एकमेकांना चिकटून कणकेचा गोळा तळाशी बसतो. झाकण अर्धवट ठेवून १० ते १२ मिनिटं. उतरवताना पातळ वाटलं पाहिजे, कारण ताटात येईपर्यंत ते दाट होतं. वरून कच्चं तूप.

घट्ट वरण असेल तर १ वाटी वरणात दीड ते दोन वाट्या कणीक, तिखट, कोथिंबीर घालून मळा आणि लगेच लाटा. हे पीठ ठेवलं की सैल होत जातं, मग पोळपाटाला चिकटतं. उसळीचा रस गाळून रश्शाला वापरा, उरलेले दाणे कुस्करून त्यात १ वाटीला अर्धी वाटी भिजवून पिळलेले पोहे घाला आणि तव्यावर पॅटिस भाजा. बटाट्यापेक्षा पोह्यांनी ते जास्त घट्ट बांधले जातात.

कढी दुसऱ्यांदा गरम करताना फुटते. १ चमचा बेसन गार पाण्यात कालवून गार कढीत मिसळा आणि एकाच दिशेने ढवळत मंद आचेवर ठेवा. कढ येऊ लागला की बंद.

गोव्यात उरलेल्या माशाच्या कढीला मोठा मान आहे. कालची कडी म्हणजे मासे काढून घेतलेला रस मंद आचेवर आटवून दाट केलेला, सकाळी पावाबरोबर किंवा पेजेबरोबर खायचा. इथेही रात्रीचं गार करणं चुकवू नका. बांगडा, कुपा असे मासे शिजवण्याआधी किंवा नंतर उबेत राहिले तर त्यांत हिस्टामाइन तयार होतं, आणि ते आटवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांधी उठणं ही त्याची लक्षणं.

सुक्या भाजीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कोरडी करा आणि पराठ्यात भरा, किंवा थालिपिठाच्या पिठात घाला. भेंडीची मात्र नको, चिकटपणा येतो.

दूध, साय, पाक

दूध तापवताना फुटलं तर आधी वास आणि चव बघा. स्वच्छ आंबट असेल तर वापरता येतं. कडवट असेल, घाण वास असेल किंवा दोरीसारखं लांबत असेल तर टाका. चांगलं असेल तर अर्ध्या लिंबाचा रस घालून पूर्ण फोडा, फडक्यात गाळा आणि अर्धा तास वजनाखाली ठेवा. १ लिटर म्हशीच्या दुधाचं साधारण २०० ग्रॅम पनीर होतं, गाईच्या दुधाचं त्याहून कमी. उरलेली नासकवणी ओतून देऊ नका. तिच्यात कणीक मळली तर पोळ्या मऊ होतात, कढीत चालते. फक्त डाळ शिजवायला ती वापरू नका, आंबटपणामुळे डाळ शिजतच नाही.

साय साठवताना पहिल्याच दिवशी भांड्यात चमचाभर विरजण घाला आणि रोजची साय त्यावर टाकून फ्रिजमध्ये ठेवा. आठ दिवसांच्या आत लोणी काढा, जास्त दिवस झाले तर तुपाला उग्र वास येतो. तूप कढवल्यावर खाली राहणारी बेरी १ वाटी कणकेत २ चमचे या हिशेबाने मळा. मोहन घालावंच लागत नाही.

गुलाबजाम संपतात आणि पाक उरतो. तो गाळून घ्या. १ वाटी पाक आणि पाव वाटी तूप एकत्र गरम करून कोमट करा, चिमूटभर मीठ घाला आणि मावेल तेवढा मैदा, साधारण अडीच वाट्या, घालून घट्ट गोळा करा. याचे शंकरपाळे मध्यम-मंद आचेवर तळा. पाक फार चिकट असेल तर आधी २ चमचे दूध घाला, नाहीतर शंकरपाळे टणक होतात. उरलेल्या श्रीखंडातही असंच: १ वाटीत मावेल तेवढी कणीक, चमचाभर मोहन, पाणी अजिबात नाही, आणि पुऱ्या मंद आचेवर. साखरेमुळे त्या क्षणात काळ्या होतात.

तळून उरलेलं तेल गाळून ठेवा आणि तीन-चार दिवसांत फोडणीला संपवा. पुन्हा तळणीला घेऊ नका. तेल वारंवार तापलं की त्यात घातक घटक वाढत जातात. म्हणूनच अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या पोलर घटकांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरी ते मोजता येत नाही. फेस येणं, गडद होणं, लवकर धूर येणं या खुणा पुरेशा आहेत.

सालं आणि देठ

दोडक्याच्या शिरा, दुधीची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, फ्लॉवरची कोवळी पानं, मुळ्याचा आणि नवलकोलाचा पाला, कलिंगडाचा पांढरा गर: हे सगळं खाण्याचंच आहे. पण आधी एक काम. दोडका किंवा दुधी चिरताना तुकडा जिभेला लावून पाहा. कडू असेल तर साल, गर, सगळं टाका. कडू दुधी खरोखर विषारी असतो आणि शिजवूनही सुधारत नाही.

शिरांच्या चटणीला १ वाटी शिरा चमचाभर तेलात मंद आचेवर ७-८ मिनिटं, कुरकुरीत होईपर्यंत भाजा. ओलसर राहिल्या तर चटणी दोन दिवसांत उतरते. २ टेबलस्पून तीळ, पाव वाटी सुकं खोबरं आणि ५ लसूण पाकळ्या वेगवेगळ्या भाजा, तिखट-मीठ घालून भरड वाटा. कलिंगडाचा पांढरा गर किसून त्याच्याच पाण्यात थालिपिठाचं पीठ मळावं. कोथिंबिरीच्या काड्या पानांपेक्षा जास्त वासाच्या असतात, त्या वाटणात घाला.

जे वाचवू नये

पावावर बुरशीचा एक ठिपका दिसला तरी पूर्ण लादी टाका, कारण धागे मऊ पावात आतपर्यंत गेलेले असतात. कडवट, खवट किंवा काळसर शेंगदाणे कुटात घालू नका. त्यांवरच्या बुरशीचं विष भाजूनही टिकतं. बटाटा थोडा हिरवा असेल तर हिरवा भाग खोल कापून काढा, बराच हिरवा असेल तर सगळा टाका.

आणि एक कळकळीची विनंती. लग्नाचा किंवा सणाचा उरलेला भात, पोळ्या, पुरणपोळ्या गाई-बैलांपुढे ढिगाने टाकू नका. शिजलेलं धान्य एकदम खूप पोटात गेलं की गुरांच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर जनावर दगावतं. एक-दोन पोळ्यांचा घास वेगळा. पिशवीसकट टाकलेलं अन्न तर त्याहून वाईट, कारण जनावर पिशवीही गिळतं.

खरंच खाण्यासारखं न राहिलेलं अन्न बादलीतल्या खतात जाऊ दे. भोकं पाडलेल्या बादलीत तळाला चार बोटं सुका पाला, वर ओल्या कचऱ्याच्या एका भागाला दोन भाग पाला किंवा नारळाचा भुसा, आणि सुरुवातीला वाटीभर आंबट ताक. मासळी, मटण आणि तेलकट रस्सा त्यात नको, उंदीर येतात. दोन-तीन दिवसांनी खालीवर करा. वास आला तर ओलं जास्त झालं आहे, मूठ-दोन मुठी पाला वाढवा. काहीच होत नसेल तर सुकं जास्त झालं आहे, पाण्याचा हबका द्या. ऊन-पाऊस बघून दीड ते तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत होतं. तेच कढीपत्त्याच्या कुंडीत घाला.